देणगी आणि डोनेशन

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शब्दकोशात पाहिले तर 'देणगी' आणि 'डोनेशन' या दोन शब्दांचा अर्थ एकच निघतो. एक आपल्या घरचा, दुसरा इंग्रजांबरोबर आलेला, एवढाच फरक. पण आपल्या बोलण्यात हे दोन शब्द एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. शाळेच्या भिंतीवर 'यांच्या स्मरणार्थ एक खोली' अशी फरशी बसवलेली दिसते, ती देणगी. देणारा आपण होऊन देतो, पावती घेतो आणि घरी जातो. 'पोराच्या ॲडमिशनला किती लागलं?' असे आपण दबक्या आवाजात विचारतो, ते डोनेशन. ते नाइलाजाने दिले जाते, त्याची पावती बहुधा मिळत नाही आणि दिल्यावर माणूस त्याबद्दल बोलायचे टाळतो. भाषेत असे उगाच घडत नाही. एकाच अर्थाचे दोन शब्द असे वेगळे पडतात, तेव्हा समाजात कुठेतरी काहीतरी तुटलेले असते. शाळेत खासगी पैसा कसा आला, कुणाच्या हातून आला आणि त्याने बदल्यात काय मागितले, याचा थोडा मागोवा आज घ्यायचा आहे.

मी चारठाण्याचा. जिंतूर तालुक्यातले आमचे हे गाव जुन्या दगडी देवळांसाठी ओळखले जाते. गोकुळेश्वराचे देऊळ आणि उंच कोरीव स्तंभ पाहायला अभ्यासक लांबून येतात. त्या काळात देऊळ, मठ, पाठशाळा ही कामे केवळ राजाच्या खजिन्यावर चालत नसत. याचा एक लेखी पुरावा खानदेशात आहे. चाळीसगावजवळच्या पाटण गावात इ. स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून तिथे मठ काढला. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याने त्याला दान दिले. शिलालेखाचा काही भाग चक्क जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या देवघेवीतून आणि तेलाच्या घाण्यातून मठासाठी किती वाटा काढायचा, हे त्यात सांगितले आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी गणित शिकवणाऱ्या एका संस्थेच्या दिव्यात गावच्या घाण्याचे तेल जळत होते.

दुसरे उदाहरण बिदरचे. बिदर आज कर्नाटकात असले, तरी पूर्वी मराठवाड्याबरोबर एकाच हैदराबाद संस्थानात होते आणि आजही तिथे मराठी बोलणारी पुष्कळ घरे आहेत. महमूद गवान हा इराणच्या गिलान प्रांतातला माणूस व्यापारी म्हणून दख्खनेत आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. त्याने १४७२ साली बिदरला मदरसा बांधला. तीन मजली इमारत, विद्यार्थ्यांना राहायला खोल्या आणि तीन हजार ग्रंथांचे ग्रंथालय. दरबारातल्या शत्रूंनी बनावट पत्र पुढे करून १४८१ साली त्याचा शिरच्छेद घडवला. सुलतानाने त्याच्या मालमत्तेची झडती घेतली, तेव्हा तिजोरीत फारसे काही सापडले नाही, असे इतिहासकार लिहितात. जे होते ते बिदरच्या त्या इमारतीत गेले होते. निळ्या फरशांचे तिचे अवशेष आजही उभे आहेत.

दोन्हीकडे पैसा खासगी होता, पण तो परत मागायला कुणी आले नाही.

इंग्रजी अमलात चित्र बदलले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची पद्धत आणली. खासगी संस्थांनी शाळा काढाव्यात आणि सरकारने त्यांना मदत द्यावी, असे ठरले. कल्पना चांगली होती. पण शाळा काढण्याइतका पैसा आणि वेळ कुणाकडे होता? ज्यांच्याकडे आधीच थोडे शिक्षण होते, त्यांच्याकडे. महात्मा जोतीराव फुल्यांनी हे बरोबर हेरले. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. लक्षात घ्या, ही मागणी करणारा माणूस स्वतः लोकांच्या वर्गणीवर शाळा चालवून बसलेला होता. वर्गणीची ताकद त्यांना ठाऊक होती आणि तिची मर्यादाही. वर्गणीतून चार शाळा निघतात, पण सगळ्या रयतेची पोरे शिकवायची तर सरकारलाच हात घालावा लागतो.

पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. या मंडळींची खरी पुंजी होती त्यांची उमेद. थोड्या पगारावर वर्षानुवर्षे शिकवण्याची शपथ घेणारे आजीव सदस्य, हा त्या संस्थेचा कणा. सदस्यांनी संस्थेबाहेर कमाई करावी की नाही, या प्रश्नावर मतभेद विकोपाला गेले आणि १८९० साली लोकमान्य टिळकांनी सोसायटी सोडली. आज हे वाचताना नवल वाटते. शिक्षकाने बाहेर चार पैसे मिळवले तर संस्थेचे व्रत भंगते का, यावर तेव्हा माणसे भांडत होती!

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली. त्यात १९०६ साली सुरू झालेले मुस्लिम बोर्डिंगही होते. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला. शिकणाऱ्याला नुसती शाळा पुरत नाही, भाकरी आणि निवाराही लागतो, हे त्यांनी ओळखले होते. तोच धडा कर्मवीर भाऊराव पाटलांनी खेड्यापाड्यांत नेला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ पासून ती साताऱ्यात वाढली. साताऱ्याच्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. मुलांना खायला नाही म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आणि गावोगावच्या बायाबापड्यांनी दळण करताना मूठभर धान्य शाळेच्या नावाने बाजूला काढले. त्याला मुष्टिफंड म्हणत. आता या मुठीचा हिशेब कोणत्या ताळेबंदात बसवाल? ज्या बाईने मूठ टाकली, तिचा पोरगा त्या शाळेत असेलच असे नव्हते.

आपल्या मराठवाड्याची कथा याहून अवघड. इथे निजामाचे राज्य. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे. भारतीय भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या मुलांना आपल्या भाषेची शाळा मिळणे कठीण होते. शिवाय खासगी शाळा काढायची तर सरकारची आगाऊ परवानगी घ्या, असा नियम १९२० च्या दशकात आला आणि अनेक शाळा बंद पडल्या. राज्यकर्त्याला भीती होती ती शाळेतून येणाऱ्या विचाराची. ही भीती अगदीच निराधार नव्हती. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९१५ साली सुरू झालेली सरस्वती भुवन, १९२१ साली निघालेली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी नूतन विद्यालय, आमच्या परभणी जिल्ह्यातले सेलूचे नूतन विद्यालय, या शाळांमधून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते घडले. व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण हिप्परग्याला मुख्याध्यापक म्हणून आला आणि पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला. या शाळांना पैसा कुणी दिला? गावच्या व्यापाऱ्यांनी, वकिलांनी, देशमुख-पाटलांनी आणि मूठ देणाऱ्या घरांनी. सरकारची नजर वाकडी असताना दिला.

अशीच गोष्ट आफ्रिकेतही घडली. आफ्रिका आपल्याला वाटते तितकी लांब नाही. औरंगाबाद ज्या खडकी गावातून वाढले, ते १६१० साली वसवणारा मलिक अंबर हबशी होता, इथिओपियातून आलेला. तर केनियात १९३० च्या दशकात किकुयू समाजाने मिशनऱ्यांच्या शाळांना कंटाळून स्वतःच्या पैशाने स्वतंत्र शाळा काढल्या आणि १९३९ साली गिथुंगुरी इथे शिक्षकांसाठी विद्यालय सुरू केले. १९५२ साली आणीबाणी आली आणि इंग्रज सरकारने या शाळा बंद केल्या, काही ताब्यात घेतल्या. थोर लेखक न्गुगी वा थिओंगो हे अशाच एका शाळेचे विद्यार्थी. शाळा सरकारच्या हातात गेल्यावर मुलांच्या तोंडची मातृभाषा कशी काढून घेतली गेली, हे त्यांनी पुढे लिहिले आणि स्वतः इंग्रजी सोडून किकुयू भाषेत लिहू लागले. मराठवाड्यातल्या वाचकाला हे वाचताना आपल्याच घरची हकिगत ऐकल्यासारखे वाटते.

१९६३ साली केनिया स्वतंत्र झाला. जोमो केन्याटांनी 'हरांबे' ही हाक दिली. सारे मिळून ओढू या, असा तिचा अर्थ. गावकऱ्यांनी विटा दिल्या, मजुरी दिली, शिलिंग जमवले आणि शेकडो माध्यमिक शाळा उभ्या केल्या. आपल्याकडेही तेच दिवस होते. १९५० साली नांदेडला स्वामीजींच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघाले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६३ साली डॉ. रफिक झकेरिया यांनी मौलाना आझाद कॉलेज उभे केले. संस्था खासगी, पण शिक्षकांच्या पगाराला हळूहळू सरकारी अनुदान आणि फी गरिबाला झेपेल अशी. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या. मी आज मराठीत कविता लिहितो, ही भाषा मला अशाच एका शाळेने दिली. घरात दखनी, गल्लीत मराठी. पाटीवर पहिले अक्षर काढले ते मराठीच. त्या पहिल्या अक्षरासाठी माझ्या वडिलांना डोनेशन मागितले असते, तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो.

मग देणगीचे डोनेशन कधी झाले? तारखेवर बोट ठेवायचेच तर १९८३ साल धरावे लागेल. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षणासाठी विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या निर्णयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरकारी जागा मोजक्या होत्या आणि आपली मुले पैसे मोजून कर्नाटकात शिकायला जात होती. ती कॉलेजे आपल्याकडे आली, खेड्यातली हजारो मुले इंजिनिअर झाली, मुलींना घराजवळ शिकता आले. हे खोटे नाही. पण सरकारने पैसा द्यायचा नाही, असे ठरल्यावर तो कुठून तरी येणार होता. तो पालकांच्या खिशातून आला. १९८७ साली कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा विधिमंडळाला करावा लागला, यातच काय ते समजावे. चोरी होत नसेल तर चोरीविरुद्ध कायदा कोण करतो?

पुढची वीस वर्षे हा वाद न्यायालयात चालला. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात आणि १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी चूक ठरवली. २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने खासगी संस्थांना बरेच स्वातंत्र्य दिले. २००५ साली पुण्याच्या इनामदार खटल्यात तीच दिशा राहिली. संस्थेने वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवावी, पण नफेखोरी करू नये आणि कॅपिटेशन घेऊ नये, असा त्याचा सारांश. न्यायालयाने रेघ ओढली, पण ती पाळली जाते की नाही हे पाहायला कुणी रोज कॉलेजच्या दारात उभे राहत नाही.

डोनेशन विद्यार्थ्यापुरते राहिले नाही, ते शिक्षकापर्यंत गेले. 'कायम विनाअनुदानित' अशा नावाच्या शाळा राज्यभर निघाल्या. आज ना उद्या अनुदान येईल, या आशेवर तरुण मुले तिथे शिकवू लागली. २००९ साली सरकारने शाळांच्या बाबतीत 'कायम' हा शब्द काढला, पण पुढे अनुदान आले ते वीस-वीस टक्क्यांच्या हप्त्यांनी, तेही रखडत. आझाद मैदानावर शिक्षकांची किती उपोषणे झाली, याची मोजदाद नाही. आमच्या भागातला एक बी.एड. झालेला तरुण मला माहीत आहे. नोकरीसाठी बापाने दोन एकर रान विकले. पोरगा बारा वर्षे बिनपगारी शिकवत राहिला आणि संध्याकाळी किराणा दुकानात पुड्या बांधत राहिला. तो मला एकदा म्हणाला, "चाचा, लोक म्हणतात शिक्षणात गुंतवणूक करा. आमच्या अब्बांनी केली की. जमीन गेली, आता मी व्याज फेडतोय." यावर मी काय बोलणार? लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले ते दुसऱ्यांची पोरे जेवावीत म्हणून. या बापाने जमीन मोडली ती आपल्या पोराला शिकवण्याचा हक्क विकत मिळावा म्हणून. एकाच शतकातल्या या दोन गोष्टी आहेत.

आता तर शिक्षणात थेट भागभांडवल येते. २००९ साली केनियात ब्रिज इंटरनॅशनल अकॅडमीज या कंपनीने स्वस्त शाळांची साखळी सुरू केली. तिला मार्क झुकेरबर्ग, बिल गेट्स यांच्यासारख्यांचा आणि जागतिक बँकेच्या गुंतवणूक संस्थेचा पैसा मिळाला. वर्गातल्या शिक्षकाच्या हातात एक यंत्र. दूर कार्यालयात लिहिलेला पाठ त्याने त्यावरून वाचून दाखवायचा. मुले वाचायला बरी शिकतात, असे कंपनी म्हणत होती. शिक्षक कमी शिकलेले आहेत आणि अगदी थोड्या पगारावर राबतात, असे शिक्षक संघटना म्हणत होत्या. २०१६ साली युगांडाच्या न्यायालयाने तिथल्या शाळा बंद करण्याचा सरकारचा आदेश उचलून धरला. २०२२ साली जागतिक बँकेच्या संस्थेने आपला वाटा काढून घेतला. या वादात कोण किती खरे, हा अभ्यासकांचा प्रश्न. मला त्यातले एकच खटकते. गरिबाच्या वस्तीत शाळा निघाली याचा आनंद, पण तिची फी भरायची तीही त्याच गरिबाने, आणि नफ्याची अपेक्षा धरणारा माणूस बसलेला सातासमुद्रापलीकडे. हरांबेच्या विटा देणारा माणूस निदान शाळेच्या समोर तरी राहत होता. शाळा बिघडली तर त्याला जाब विचारता येत होता.

पण आफ्रिकेतूनच एक वेगळी बातमीही आली. दक्षिण आफ्रिकेतली क्युरो ही खासगी शाळांची मोठी कंपनी २०११ पासून जोहान्सबर्गच्या शेअर बाजारात होती. २०२५ साली उद्योगपती यानी माउटन यांच्या धर्मादाय न्यासाने ती पूर्ण विकत घेऊन नफा न वाटणारी संस्था करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. भागधारकांना पैसे देऊन मोकळे करायचे आणि पुढची शिल्लक शाळेतच घालायची, असा विचार. आमच्यात याला वक्फ म्हणतात. एकदा दिले ते परत घ्यायचे नाही, विकायचे नाही, वारसाला द्यायचे नाही. आपल्या शिक्षण संस्थाही कागदावर अशाच आहेत. त्या सार्वजनिक न्यास म्हणून नोंदल्या जातात आणि न्यासाला मालक नसतो, विश्वस्त असतात. तरीही आपण सहज बोलून जातो, 'ते अमक्याचं कॉलेज', 'ही तमक्याची शाळा'. इथेही भाषा खरे बोलते आहे.

म्हणून खासगी पैसा वाईट आणि सरकारी पैसा पवित्र, असे मी म्हणणार नाही. पाटणचा मठ, बिदरचा मदरसा, साताऱ्याचे वसतिगृह, हिप्परग्याची शाळा, सारे खासगी पैशावरच उभे राहिले. आणि सरकारी शाळांची आज काय अवस्था आहे, ते आपण रोज पाहतो. प्रश्न पैशाच्या वाटेचा आहे. संस्थेत उरलेला पैसा पुढे कुठे जातो? शाळेच्या पुढच्या खोलीत, की संस्थाचालकाच्या पुढच्या बंगल्यात? आणि रिकाम्या हाताने आलेल्या पोराला त्या दारातून आत जाता येते का? शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या. २०२४ साली राज्य सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेजवळच्या खासगी शाळांना त्यातून सूट दिली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो बदल रद्द केला. दार उघडे ठेवण्यासाठी अजूनही न्यायालयात जावे लागते, असा याचा अर्थ.

आपल्या हातात काही आहे का? आहे. न्यासांचे हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल व्हावे लागतात आणि त्यांच्या नकला नागरिकाला मागता येतात. फी ठरवताना पालकांच्या समितीला बोलण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. पैसे दिले तर पावती मागता येते. या गोष्टी साध्या आहेत, पण पोराचे नुकसान होईल या भीतीने आपण त्या करत नाही. एकट्याने करणे खरेच अवघड. दहा पालक मिळून गेले तर तितके अवघड नाही. मूठ धान्य टाकणाऱ्या बायकाही एकेकट्या कुणीच नव्हत्या. गावभर मुठी जमल्या तेव्हा वसतिगृहाची चूल पेटली. येत्या जूनमध्ये शाळेच्या दारात कुणी दबक्या आवाजात आकडा सांगितला, तर आपण मोठ्या आवाजात एवढेच म्हणावे, "पावती द्या." पावती मिळाली तर ती देणगी. नाही मिळाली, तर दुसरा शब्द तुम्हाला माहीत आहेच.